विषय: ट्रॉलीचे दिवे, ब्रेक दाबला की इंडिकेटर धुगधुगतो (तातडीचं)

मंडळी,
सध्या मोहोळजवळ धाकट्याच्या शेतावर आहे. ऊसतोड जोरात आहे आणि ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन ट्रॉल्यांपैकी मागचीच्या दिव्यांनी वैताग आणलाय. ब्रेक दाबला की टेललाइट मंद होतात, उजवा इंडिकेटर धुगधुगतो. बल्ब बदलले, फ्यूज शाबूत. काका, तुमच्याशिवाय कोणाला विचारणार? रात्री ट्रॉल्या कारखान्यावर जायच्यात.
– मोहोळकर

बल्बांच्या नादी लागू नकोस. अर्थिंग, म्हणजे करंटची बॅटरीकडे परतायची वाट, गेलंय. तिकडं बरेचदा वेगळी वायर न टाकता ट्रॉली जोडायच्या हूक आणि पिनेतूनच अर्थिंग घेतात. मधे गंज, ग्रीस किंवा रंग आला की करंटची परतीची वाट अडते, मग तो दुसऱ्या बल्बातून घुसून वाट काढतो. बॅटरीच्या निगेटिव्हपासून लांब वायर घे आणि मागच्या ट्रॉलीच्या चासीला रंग खरवडून लाव. सगळं लख्ख पेटलं तर रोग सापडला. मल्टिमीटर असेल तर ब्रेक दाबून ठेवून निगेटिव्ह आणि चासी यांच्यात व्होल्ट बघ. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं की समज. 21 वॅटचे दोन बल्ब 12 व्होल्टवर साडेतीन अँपिअर ओढतात, गंजक्या जोडाला ते झेपत नाही.
– काका

आपल्या अमेरिकेतल्या मंडळाच्या ट्रेलरला हेच झालं होतं! पांढरी वायर अर्थिंगची, तपकिरी टेलची, पिवळी डावी, हिरवी उजवी. तेवढं तपासा.
– सेक्रेटरी

सेक्रेटरीसाहेब, ती अमेरिकेतल्या चार पिनांच्या सॉकेटची गोष्ट. तिथं ब्रेक आणि इंडिकेटर एकाच वायरवर चालतात. मोहोळात कुठून? सात पिनांचा गोल सॉकेट असेल तर सहसा 3 नंबर अर्थिंग आणि 6 नंबर ब्रेक. रंगावर तर अजिबात जाऊ नकोस, मिस्त्री हाताला लागेल ती वायर जोडतो.
– काका

ट्रेलरचा विषय निघालाच आहे तर, त्याचा ॲडॅप्टर गणपतीनंतर कोणाकडे गेला? नवा घ्यायला मंडळाकडे पैसे नाहीत. ट्रेलरबद्दल सल्ले देण्याआधी मला विचारत जा.
– खजिनदार

ॲडॅप्टर राहू द्या हो. भाऊजी, दिवे दुरुस्त झाले तरी उसाच्या मोळ्या मागं लोंबल्या की दिवा झाकतो. माझे वडील विजापूर रोडला असल्याच एका अंधाऱ्या ट्रॉलीवर धडकता धडकता वाचले, तेही ड्रायव्हरनं सिगारेट पेटवली म्हणून ती दिसली. मागं लाल आणि बाजूला पिवळी रिफ्लेक्टर पट्टी लावाच. आणि येताना शेंगाचटणी आणा, मागच्या वेळची सगळी सेक्रेटरींकडे गेली.
– वहिनी

पार्किंगमध्ये सगळ्यांसमोर वाटली होती. तुम्ही उशिरा आलात.
– सेक्रेटरी

काका, बरोबर निघालं. पुढच्या ट्रॉलीला अर्थिंग पोचत होतं, मागचीला नाही. धाकट्यानं दिवाळीत दोन्ही ट्रॉल्यांचे हूक रंगवले होते, चांगला जाड निळा थर. ट्रॅक्टरपासून मागच्या चासीपर्यंत जाड वायर ओढली, बोल्टखाली कानस मारून टर्मिनल आवळलं आणि गंज नको म्हणून वरून ग्रीस फासलं. आता ब्रेक दाबला की ब्रेकचाच दिवा लागतो. पट्ट्या उद्या बसवतोय.
– मोहोळकर

मस्त. वायर पिनेजवळ थोडी सैल ठेव, वळणावर ताणून तुटेल. पण जमिनीला घासायला नको.
– काका

आणि ॲडॅप्टर?
– खजिनदार