आधी बोर्ड आणि रॅम बघ

अरे थांब, तुझ्या गेमिंग पीसीच्या पार्ट्सची यादी बघितली, ऑर्डर टाकू नकोस! रायझन ५ ७६०० प्रोसेसरबरोबर तू बी५५० मदरबोर्ड आणि डीडीआर४ रॅम लिहिलीयस, ते बसणारच नाही. ७६०० ला एएम५ सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) लागतं, बी५५० एएम४ वाला, आणि एएम५ वर फक्त डीडीआर५ चालते. म्हणजे एकतर एएम५ वाला बी६५० बोर्ड नि डीडीआर५ घे, नाहीतर बजेट ताणायचं नसेल तर रायझन ५ ५६०० घे, मग बाकीचं आहे तसंच चालेल. रॅम ८ जीबीच्या २ स्टिक घे, एकच १६ ची नको, गेममध्ये खरंच फरक पडतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर मार्केटला जाशील तेव्हा कॅबिनेटमध्ये किती मिलिमीटरचं ग्राफिक्स कार्ड मावतं ते नक्की विचार, माझं कार्ड पुढच्या फॅनला अडलं नि परत तिकडेच हेलपाटा. पॉवर सप्लाय मात्र लोकल नको, प्लीज.