एरिथ्रो रेझिस्टंट, क्लिंडा सेन्सिटिव्ह: रिपोर्ट कसा द्यायचा?

लॅबकोपरा: पसच्या कल्चरमध्ये स्टॅफ ऑरियस हा जंतू आलाय. एरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकच्या १५ मायक्रोग्रॅमच्या डिस्कला झोनच नाही (डिस्कभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ), क्लिंडामायसिन २ मायक्रोग्रॅमला २५ मिमी. जंतूंच्या द्रावणाचा गढूळपणा मॅकफार्लंड ०.५, प्लेट ३५ अंशांवर १७ तास. २१ च्या वर आहे म्हणून क्लिंडा 'एस' (सेन्सिटिव्ह) लिहायचं का? दोन्ही डिस्क प्लेटच्या दोन टोकांना होत्या.

पेट्रीप्लेट: एवढ्यावर लिहू नका, आधी डी-टेस्ट, म्हणजे दोन्ही डिस्क शेजारी ठेवून क्लिंडाचा झोन इंग्रजी 'D'सारखा चपटा होतो का ते पाहणं. एर्म जीन असला की जंतू रायबोसोमच्या २३एस आरएनएवर मिथाइल गट चढवतो, मग एरिथ्रो आणि क्लिंडा दोघांनाही चिकटायला जागा उरत नाही. गोची अशी की हा जीन एरिथ्रोने जागा होतो, नुसत्या क्लिंडाने नाही. म्हणून लांबच्या डिस्कचा झोन छान गोल दिसतो. एमएसआर-ए जीनवाल्या जंतूची प्लेटही हुबेहूब अशीच दिसते, पण त्याचा बचाव क्लिंडाविरुद्ध चालत नाही, तिथे क्लिंडा खरंच चालतं.

नवीन लॉन करा (प्लेटभर जंतू सारखे पसरा) आणि दोन्ही डिस्क शेजारी ठेवा. अंतर १५ ते २६ मिमी, केंद्रापासून नव्हे, कडेपासून कडेपर्यंत. क्लिंडाच्या झोनची एरिथ्रोकडची बाजू चपटी झाली की पॉझिटिव्ह, रिपोर्टमध्ये क्लिंडा 'आर' (रेझिस्टंट).

लॅबकोपरा: बाजू अगदी किंचितच चपटी दिसली तर?

अगरवाली: किंचित असली तरी पॉझिटिव्हच धरायची. खात्री वाटत नसेल तर अंतर १५ मिमीवर आणून पुन्हा लावा. आकार गोल आहे पण झोनच्या आत डिस्कपर्यंत धूसर वाढ आहे, तर तोही 'आर'. हे मागून प्रकाश पाडून पाहिल्याशिवाय कळत नाही, टेबलावर ठेवून वाचणारे इथेच फसतात.

कंट्रोलला, म्हणजे टेस्ट नीट चालते का ते पाहायला लावलेल्या माहितीतल्या जंतूंपैकी, एटीसीसी बीएए-९७७ पॉझिटिव्ह यायला हवा, बीएए-९७६ निगेटिव्ह. ९७७ चपटा येत नसेल तर आधी एरिथ्रोची डिस्क तपासा. फ्रिजमधून काढून थंडच उघडली की बाष्प धरते आणि ताकद जाते. डबी तासभर बाहेर ठेवून मग उघडायची.

पेट्रीप्लेट: डिस्पेन्सर (प्लेटवर सगळ्या डिस्क एकदम टाकणारं साधन) वापरत असाल तर या दोन औषधांच्या कार्ट्रिज कायमच्या शेजारच्या खणांत घाला. एकदा पट्टीने मोजा, अंतर बसलं की रोजच्याच प्लेटवर डी-टेस्ट होऊन जाते. एरिथ्रो सेन्सिटिव्ह असेल तर मात्र हा खटाटोप नको.