मुष्टिफंडाची मूठ
'आधी स्वतःचं पोट भरलं की मगच माणूस दुसऱ्याला देतो,' हे मत मला अजिबात पटत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांचा मुष्टिफंड आठवा. १९१९ साली त्यांची रयत शिक्षण संस्था निघाली, पुढे साताऱ्यात वसतिगृह झालं. सगळ्या जातींची गरीब पोरं एका पंगतीला जेवत. त्यासाठी घरोघरच्या बायका दळणातलं मूठभर धान्य बाजूला काढून ठेवत; हाच तो मुष्टिफंड. कोरडवाहू गावातल्या घरात जोंधळ्याची एक मूठ म्हणजे काय, हे ज्यानं रिकामी कणगी पाहिली त्यालाच कळेल. आणि भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई! कोठीतलं धान्य संपलं तेव्हा पोरं उपाशी राहू नयेत म्हणून त्या माउलीनं मंगळसूत्रसुद्धा दिलं.