मॉरिस मायनर 1000 (1967): मागच्या हबला बेअरिंग 6207 की 6307?

रेडिंगकर
नमस्कार मंडळी. मी इंग्लंडात रेडिंगला असतो. दोन वर्षांपूर्वी 1098 सीसीची मायनर घेतली. ताशी तीस मैलांच्या पुढे गेलं की मागच्या डाव्या चाकातून घरघर येते, उजवीकडे वळताना जास्तच. ड्रम काढला तर ब्रेक शू गिअर ऑइलने माखलेले. हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) उतरवून बेअरिंग बोटाने फिरवलं, खरखर स्पष्ट लागते. रिंगवरचा नंबर झिजलाय, शेवटचे 07 तेवढे वाचता येतात. एक दुकानदार 6207 म्हणतो, दुसरा 6307. शिवाय उघडं घ्यायचं की रबर सीलचं, आणि सी3 लागतं का? आई पुण्याहून आली आहे. तिला याच गाडीतून ऑक्सफर्डला न्यायचंय, जिथे कावलीच्या कारखान्यात ही बनली.

जुना_हब
शेवटच्या 07 ला पाचाने गुणा. आतलं भोक 35 मिमी. ते दोन्हींत सारखंच, म्हणूनच दोन दुकानदार दोन नंबर सांगतात. 6207 चा बाहेरचा व्यास 72, रुंदी 17. 6307 चा 80 आणि 21. आठ मिलिमीटरचा फरक साध्या पट्टीवरही कळेल. तुमच्या गाडीला 6207 च. तरी हबचं भोक व्हर्नियरने मोजून घ्या, साठ वर्षांच्या गाडीत आधी कोणी काय बसवलं असेल सांगता येत नाही. अगदी सुरुवातीच्या साइड-व्हॉल्व्ह मायनरचा अॅक्सल मात्र वेगळा, तिथे हा नंबर धरू नका.

आता खरी गोष्ट रुंदीची. इथे हाफ शाफ्टचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) फ्लॅंज, म्हणजे टोकाची चकती, बेअरिंगची बाहेरची रिंग हबमध्ये दाबून धरतो. त्यासाठी बसवलेलं बेअरिंग हबच्या तोंडापेक्षा, कागदी गॅस्केट धरून, एक ते चार हजारांश इंच (0.025 ते 0.1 मिमी) वर राहिलं पाहिजे. बेअरिंगच्या रुंदीला 0.12 मिमीपर्यंत कमी भरण्याची मुभा असते, म्हणजे एखादं 16.9 चं येऊ शकतं. मग फ्लॅंज नुसता गॅस्केटवर टेकतो, रिंग हबमध्ये फिरू लागते आणि हब खराब होतो. मी एकदा हे न मोजता बसवलं आणि हबच बदलावा लागला. म्हणून विकत घेतानाच दुकानात रुंदी मोजा. गॅस्केटही पातळच लावा, वरून सीलंटचा थर नको.

सील: मूळ बेअरिंग उघडं, अॅक्सलच्या तेलावर चालतं. मी दोन्ही बाजूंना रबर असलेलं 6207 2आरएस वापरतो, तेल ब्रेककडे यायला आणखी एक आडकाठी होते. पण म्हणून ऑइल सील जुनं ठेवू नका. नवं लावा, त्याचा ओठ बेअरिंगकडे. सी3 म्हणजे आत जादा ढिलाई, ती गरम आणि वेगाने फिरणाऱ्या ठिकाणी कामाची. मागच्या चाकाला साधंच पुरे.

आणि एक, डावीकडचा हब नट उलट आट्याचा आहे. सुलट समजून त्यावर पाइप लावून जोर काढू नका!

कोल्हापूरचा_मिस्त्री
दादा, अॅक्सल हाऊसिंगवरचा ब्रीदर, म्हणजे हवा जायचं भोक, बघितला का? तो चिखलाने बंद झाला की गाडी तापल्यावर आत दाब होतो अन् तेल सीलमधनं बाहेर येतं. नवं सील घालूनबी गळतंय म्हणून लोक परत परत हब उतरवतात. तारेनं साफ करा. अॅक्सलमधलं तेल भरायच्या भोकाच्या काठापर्यंतच, जास्त नको. माखलेले शू पुसून वापरू नका, ब्रेकचा प्रश्न आहे.

रेडिंगकर
काका, मिस्त्री, मनापासून आभार. मोजलं: हबचं भोक 72. दुकानात तीन 6207 2आरएस मोजले, 17 भरलेलं निवडलं. दाबून बसवल्यावर फीलर गेजने, गॅस्केट धरून, दोन हजारांश वर निघालं. ब्रीदर खरंच मातीने ठासलेला होता. नट आधी सुलटाच पिळत होतो, काकांचं वाचून थांबलो. शू नवे घातले. काल न्यूबरीपर्यंत जाऊन आलो, घरघर गेली. आई शेजारी बसून पूर्ण वाट बोलत होती, आणि मला तिचं सगळं ऐकू आलं.