शोरूममध्ये ऐकू आलेला खर्ज घरी का हरवतो? अ‍ॅम्प्लिफायर बदलावा का?

जोडतार (प्रश्नकर्ता)

नमस्कार. माझा प्रश्न थोडा लांबणार आहे, कारण मोजमापे दिल्याशिवाय उत्तर देणे कठीण जाईल असे वाटते.

गेल्या वर्षी मी जमिनीवर उभे राहणारे स्पीकर घेतले. कंपनीच्या कागदावर त्यांची सेन्सिटिव्हिटी (दिलेल्या व्होल्टेजला किती आवाज निघतो ते) 2.83 व्होल्टला 86 डेसिबल आणि इंपीडन्स (विद्युतप्रवाहाला होणारा अडथळा) 4 ओहम असा दिला असून तो एका ठिकाणी 3.1 ओहमपर्यंत उतरतो. अ‍ॅम्प्लिफायर जुनाच आहे, 8 ओहमला प्रत्येक बाजूस 60 वॅट देणारा. खोली 5 मीटर लांब, 3.3 मीटर रुंद आणि 2.85 मीटर उंच आहे. भिंती काँक्रीटच्या आणि फरशी व्हिट्रिफाइड आहे. समोरच्या अरुंद भिंतीपासून स्पीकर 60 सेंटिमीटर पुढे आहेत आणि बाजूच्या भिंतींपासूनही तेवढ्याच अंतरावर आहेत. सोफ्यावर मधोमध बसले की माझे कान मागच्या भिंतीपासून सव्वा मीटरवर येतात.

मी मुख्यतः ख्याल ऐकतो. काही वर्षे गाणे शिकलो असल्यामुळे काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या स्वरात) लावलेला तंबोरा कसा वाजतो हे कानात पक्के बसलेले आहे. शोरूममध्ये याच स्पीकरवर चारही तारा स्वच्छ ऐकू आल्या होत्या. घरी मात्र पंचमाची तार नको इतकी घुमते आणि खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या षड्जाची तार छेडल्यावर फक्त तिची झणझण तेवढी उरते, अंग जाणवत नाही. डग्ग्याचेही तसेच होते, काही घिस्से फुगतात तर काही विरून जातात.

विक्रेत्याच्या मते माझा अ‍ॅम्प या स्पीकरांना पुरा पडत नाही. त्याने साडेचार लाखांचा, 150 वॅटचा अ‍ॅम्प पंधरा दिवस घरी नेऊन ऐकण्याची तयारी दाखवली आहे. उलट एक मित्र म्हणतो की गाण्याला वॅट लागतच नाहीत, 300बी व्हॉल्व्हचा (काचेच्या निर्वात नळीचा) आठ वॅटचा अ‍ॅम्प घे. या दोघांपैकी कोणाचे ऐकावे, आणि मुळात एवढ्या किमतीच्या वस्तूची परीक्षा घरी कशी करावी?

अनुनाद

दोघांचेही इतक्यात ऐकू नका. तुम्ही खोलीची मापे दिलीत हे फार बरे केलेत, कारण तुमचे दुखणे त्या मापांतच दिसते आहे.

समांतर भिंतींमध्ये ध्वनी मागेपुढे आदळतो आणि काही ठरावीक कंपनसंख्यांना तो स्वतःवरच रचला जाऊन उभ्या लहरी तयार होतात. त्यांतली पहिली कंपनसंख्या काढायची तर ध्वनीचा वेग भिंतींमधील अंतराच्या दुपटीने भागायचा, आणि पुढच्या तिच्या दुप्पट, तिप्पट अशा येतात. वेग 345 मीटर प्रतिसेकंद धरला तर तुमच्या 5 मीटर लांबीत त्या 34.5, 69 आणि 103.5 हर्ट्झला येतात. 3.3 मीटर रुंदीत त्या 52 आणि 104.5 हर्ट्झला येतात. आता तंबोऱ्याकडे वळू. काळी एकचा षड्ज धरला तर जोडीच्या तारा सुमारे 139 हर्ट्झला, मंद्र पंचम 104 हर्ट्झला आणि खर्ज 69 हर्ट्झला लागतो. म्हणजे तुमच्या खोलीची लांबी आणि रुंदी दोन्ही मिळून नेमक्या पंचमावर जोर देत आहेत, आणि खर्ज लांबीच्या दुसऱ्या उभ्या लहरीवर बसला आहे.

मग खर्जही घुमायला हवा होता, असे तुम्ही म्हणाल. तो घुमतोच, फक्त तुम्ही बसता तिथे नाही. लांबीच्या दुसऱ्या लहरीचा दाब दोन्ही भिंतींपाशी आणि खोलीच्या मध्यावर सर्वाधिक असतो, तर भिंतींपासून एक चतुर्थांश अंतरावर तो जवळजवळ शून्य होतो. 5 मीटरचा चौथा हिस्सा सव्वा मीटर. तुमचे कान बरोबर त्या खड्ड्यात आहेत. त्याच जागी 103.5 हर्ट्झची लहर मात्र चांगली जोरात असते, आणि रुंदीच्या मधोमध बसल्यामुळे 104.5 हर्ट्झचीही.

खात्री करून घ्यायची असेल तर एखाद्या टोन जनरेटरमधून 69 हर्ट्झचा शुद्ध स्वर बेताच्या आवाजात स्पीकरवर सोडा आणि सोफ्यापासून मागच्या भिंतीकडे हळूहळू चालत जा. दारे, खिडक्या आणि सामान यांमुळे आकडा एकदोन हर्ट्झने सरकेल, पण फरक कळायला तुम्हाला कोणतेही यंत्र लागणार नाही.

उपायही वॅटचा नाही. खड्ड्यात कितीही शक्ती ओतली तरी थेट येणारी आणि परतणारी लहर एकमेकींना तशाच खोडत राहतात. बाकीचे स्वर मात्र वाढतात. सोफा साधारण 40 सेंटिमीटर मागे घ्या, म्हणजे कान भिंतीपासून 80-85 सेंटिमीटरवर येतील. तिथे 103.5 हर्ट्झच्या लहरीचा खड्डा आहे, त्यामुळे पंचम उतरेल आणि खर्ज बराचसा परत येईल. स्पीकर बाजूच्या भिंतींपासून 82 सेंटिमीटरवर, म्हणजे रुंदीच्या चतुर्थांशावर आणले तर 104.5 हर्ट्झची लहरही फारशी उठणार नाही. दोन स्पीकरांतले अंतर त्यामुळे कमी होईल, ही किंमत आहेच. अशा खोलीत साधारण 200 हर्ट्झच्या खाली तुम्ही जे ऐकता त्यात स्पीकरापेक्षा खोलीचा वाटा मोठा असतो. शोरूममध्ये तुम्ही जो खर्ज ऐकलात तो त्या खोलीतला, त्या खुर्चीवरचा होता.

तिसरी_घंटी

अनुनाद यांच्या उत्तरानंतर अ‍ॅम्पचा प्रश्न अर्धा सुटलाच आहे. उरलेला अर्धा मी घेतो, कारण 'पुरा पडत नाही' हे वाक्य दुकानात फार सैलपणे वापरले जाते.

तुमच्या स्पीकरांना 2.83 व्होल्ट दिले की एक मीटरवर 86 डेसिबल मिळतात. तुम्ही सव्वातीन मीटरवर बसता. मोकळ्या मैदानात त्यासाठी सुमारे 10 डेसिबल कमी करावे लागले असते, पण खोलीत भिंतींची साथ मिळते म्हणून 7 धरू. दोन स्पीकरांचे 3 परत मिळवले की कानापाशी 82 डेसिबल उरतात. ख्याल घरात साधारण 75 डेसिबलच्या आसपास ऐकला जातो. त्याला लागतात सव्वा व्होल्ट, म्हणजे अर्ध्या वॅटपेक्षाही कमी. तबल्याची थाप क्षणभर 100 डेसिबलपर्यंत उसळली असे मानले तरी साडेबावीस व्होल्ट पुरतात, आणि तुमचा 60 वॅटचा अ‍ॅम्प जवळजवळ 22 व्होल्ट देतो. 150 वॅटचा अ‍ॅम्प याहून फक्त 4 डेसिबल वर जाऊ शकेल. खरा प्रश्न व्होल्टचा नसून प्रवाहाचा आहे. 3.1 ओहमवर 22 व्होल्ट टिकवायचे तर शिखरावर 10 अँपिअर द्यावे लागतात. तुमच्या अ‍ॅम्पच्या कागदावर 4 ओहमला किती वॅट दिले आहेत ते पाहा. आकडा शंभराच्या वर असेल तर निश्चिंत राहा. 4 ओहमचा उल्लेखच टाळला असेल तर मात्र विक्रेत्याच्या म्हणण्यात तथ्य असू शकते.

मित्राचा आठ वॅटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प या स्पीकरांना शोभणार नाही. 4 ओहमच्या टॅपवर (4 ओहमच्या स्पीकरसाठीच्या जोडणीवर) तो साडेपाच-पावणेसहा व्होल्ट देईल, म्हणजे कमाल 88 डेसिबल. तंबोरा आणि आलाप गोड वाजतील, पण द्रुत लयीत तबला दबेल. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. फीडबॅक (बाहेर पडलेल्या सिग्नलचा अंश परत आत देऊन चूक सुधारण्याची सोय) नसलेल्या अशा अ‍ॅम्पचा स्वतःचा आउटपुट इंपीडन्स सहज 2 ओहम असतो. स्पीकरचा इंपीडन्स कुठे 3.1 तर कुठे 20 ओहम असेल, तर त्या दोन ठिकाणी स्पीकरपर्यंत पोचणाऱ्या व्होल्टेजमध्ये साडेतीन डेसिबलची तफावत पडते. ज्याला लोक व्हॉल्व्हचा रंग म्हणतात त्याचा मोठा भाग हाच आहे. हा रंग कोणाला आवडला तर माझी हरकत नाही, पण स्पीकर बदलला की रंगही बदलतो, हे लक्षात ठेवावे.

आता परीक्षेविषयी. आणलेला अ‍ॅम्प जुन्याशी ताडून पाहताना दोन्हींचा आवाज मल्टिमीटरने मोजून सारखा करा. 200 हर्ट्झचा स्वर लावा, स्पीकरच्या टर्मिनलवर एसी व्होल्टेज पाहा आणि दोन आकड्यांत एक टक्क्याहून जास्त फरक ठेवू नका, म्हणजे फरक 0.1 डेसिबलच्या आत येतो. अर्धा-एक डेसिबलने मोठा असलेला आवाज आपल्याला मोठा वाटत नाही, तो 'मोकळा' किंवा 'खोल' वाटतो. हे साधे काम न करता दिलेल्या अभिप्रायांवर मी विश्वास ठेवणे केव्हाच सोडले आहे. मोजताना टर्मिनल एकमेकांना चिकटणार नाहीत एवढी काळजी घ्या. त्यानंतर घरातल्या कोणाला तरी तारा बदलायला सांगा आणि कोणता अ‍ॅम्प वाजतो आहे हे तुम्हाला कळू देऊ नका. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी 1994 मध्ये दाखवून दिले होते की तेच स्पीकर त्याच श्रोत्यांनी पडद्याआड आणि पडद्याविना ऐकले की गुण बदलतात, आणि अनुभवी श्रोतेही याला अपवाद नसतात.

तारांवर पैसे घालवू नका. विजेच्या दुकानातली 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची तार चार मीटर लांब घेतली तर जाऊन-येऊन तिचा रोध 0.06 ओहमच्याही आत राहतो.

सुरपेटी

मी वरील दोघांइतका हिशेबी नाही आणि तिसरी_घंटी यांच्याशी माझा थोडा मतभेद आहे. दर दोन मिनिटांनी तारा बदलून घेतलेल्या परीक्षेत फरक सापडला नाही, तर त्या परीक्षेत सापडला नाही एवढेच सिद्ध होते. स्पीकरचा उंच पट्टीतला किंचित कर्कशपणा मला पहिल्या अर्ध्या तासात कधीच जाणवत नाही. तिसऱ्या दिवशी मीच नकळत आवाज कमी करून बसलेला असतो. म्हणून पंधरा दिवस मिळत असतील तर ते पूर्ण वापरावेत.

दुसरे असे की कसोटीचे गाणे कोणते, याचा विचार आधी व्हायला हवा. सवाई गंधर्व महोत्सवात ऐकलेला आवाज ही कसोटी होऊ शकत नाही, कारण तिथेही आपण स्पीकरच ऐकत असतो. घरगुती बैठकीत, ध्वनिवर्धकाशिवाय, सात-आठ फुटांवरून ऐकलेला गळा आणि तंबोरा हीच खरी पट्टी. जोडतार यांच्याकडे तंबोरा असेल तर त्याचे ध्वनिमुद्रण गच्चीवर उघड्यावर करावे. दिवाणखान्यात केले तर तेच ध्वनिमुद्रण पुन्हा तिथेच वाजवताना खोलीचा गुण दोनदा लागेल आणि काहीच कळणार नाही.

खर्जाबाबत एक पुरवणी. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 मध्ये दाखवले होते की जवारीमुळे (तार घोडीच्या रुंद पृष्ठावर टेकत राहण्यामुळे) तंबोऱ्याच्या तारेत असे उपस्वरही उमटतात जे छेडण्याच्या जागेचा विचार केला तर उमटायला नकोत. या दाट उपस्वरांवरून कान मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. म्हणूनच बीबीसीने आपल्या फिरत्या ध्वनिक्षेपण गाड्यांसाठी बनवलेल्या एलएस3/5ए या चिमुकल्या स्पीकरवरही खर्ज 'ऐकू' येतो, वास्तविक 69 हर्ट्झच्या सुमारास त्याचा आवाज उतरू लागलेला असतो. तेव्हा एखाद्या स्पीकरवर खर्जाची तार ओळखू आली म्हणजे तो 69 हर्ट्झ वाजवतो असे समजू नये. मूळ स्वर खरोखर वाजतो तेव्हा तो कानापेक्षा बसल्या जागी अंगाला अधिक कळतो.

जुने स्पीकर घेण्याचा विचार कोणी करत असेल तर वूफरच्या कडेचा फोम बोटाने हलकेच दाबून पाहावा. आमच्या रत्नागिरीच्या दमट हवेत तो दहा-पंधरा वर्षांत पापडासारखा मोडतो. रबरी कड त्या मानाने पुष्कळ टिकते.

जोडतार (प्रश्नकर्ता)

सर्वांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहितो आहे, त्याबद्दल क्षमस्व.

69 हर्ट्झचा स्वर लावून चाललो तेव्हा मला हसूच आले. सोफ्यावर जवळजवळ शांतता, आणि भिंतीपाशी उभे राहिले की खिडकीची काच थरथरत होती. सोफा 40 सेंटिमीटर मागे नेला, स्पीकर आत घेतले. पंचम पुष्कळ उतरला. खर्जाची तार आता तारेसारखी वाजते, शोरूमइतकी भरदार नाही, पण चार तारांचा तोल जुळला आहे. स्पीकर जवळ आल्यामुळे सतार-सरोदच्या जुगलबंदीत दोन वाद्ये पूर्वीइतकी सुटी वाटत नाहीत. गाणे मात्र बहुतेक मधोमधच ध्वनिमुद्रित झालेले असल्याने तिथे काही बिघडले नाही.

माझ्या अ‍ॅम्पच्या कागदावर 4 ओहमला 105 वॅट लिहिलेले सापडले. तरीही 150 वॅटचा अ‍ॅम्प घरी आणला आणि मल्टिमीटरने आवाज जुळवून धाकट्या भावाला तारा बदलायला बसवले. दहा वेळांपैकी सहा वेळा मी अ‍ॅम्प बरोबर ओळखला, आणि त्या सहांतही खात्रीने एकदाही नाही. सुरपेटी यांचे म्हणणे मनात ठेवून पुढे पूर्ण पंधरा दिवस तोच ऐकला, मग जुना परत लावला. थकव्यात किंवा गोडव्यात फरक जाणवला नाही. विक्रेत्याने तो तक्रार न करता परत घेतला, हे नमूद केले पाहिजे.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. बाल्कनीचे दार उघडे असताना 52 हर्ट्झच्या आसपास डग्ग्याचा नाद बदलतो आणि दार लावले की पुन्हा वेगळा होतो. सोफा मागे सरकल्यामुळे ते दार आता अर्धेच उघडते, त्यामुळे घरच्यांचा त्या प्रश्नातला रस माझ्याहून अधिक आहे. यूमिक-1 हा मोजमापाचा मायक्रोफोन मागवला आहे. रूम ईक्यू विझार्ड या खोलीचा आवाज मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमधले आलेख काढले की ते इथेच मांडीन. दार उघडे आणि दार बंद अशी दोन्ही मोजमापे वेगवेगळी घ्यावीत ना, की अर्ध्या उघड्या दाराचेही घ्यावे, एवढे अनुनाद यांनी सांगावे.

अनुनाद

तिन्ही घ्या. पण मायक्रोफोन प्रत्येक वेळी कानाच्या उंचीवर आणि त्याच जागी ठेवा. तो 20 सेंटिमीटर जरी हलला तरी दाराचा फरक कोणता आणि जागेचा कोणता हे सांगता येणार नाही.