कर्नाटकातल्या पोलीस ठाण्यात मराठी अर्ज नाकारला तर काय करावे?

खानापूरकर:
पंधरा दिवसांपूर्वी आमच्या विहिरीवरची मोटर चोरीला गेली. काका मराठीत अर्ज लिहून ठाण्यात गेले, तर "कन्नडमध्ये लिहून आणा" म्हणून तो परत केला. मग जबाब कन्नडमध्ये घेतला आणि वाचून न दाखवताच सही घेतली. शेजारच्या मुलाने नक्कल वाचली तेव्हा कळले, की काकांनी ज्याच्यावर संशय सांगितला होता, त्याचे नावच त्यात नाही. काका म्हणतात, "जाऊ दे, आपले कोण ऐकणार?" मला हे सोडून देववत नाही.

एक वकील, बेळगाव:
सोडू नका. गाऱ्हाण्याचा अर्ज राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम ३५० ने दिला आहे. दखलपात्र, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची तोंडी माहिती लिहून घेतल्यावर ती फिर्यादीला वाचून दाखवावी आणि नक्कल विनामूल्य द्यावी, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ सांगते. राहिलेला मजकूर काकांनी मराठीत लिहून द्यावा आणि पोच मागावी. नाकारला तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवावा.

निपाणीकर:
मी सगळ्या पोलिसांना दोष देणार नाही. माझ्या वडिलांचा जबाब एका हवालदाराने ओळीओळीने मराठीत समजावून सांगितला होता. पण तो त्याचा चांगुलपणा होता. त्या दिवशी ड्युटीवर दुसरा कोणी असता तर? १९८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात झालेला गोळीबार आणि २०१४ साली 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेल्या फलकावरून बेळगावजवळच्या येळ्ळूरला झालेला लाठीमार इथली माणसे विसरलेली नाहीत, त्यामुळे ठाण्याची पायरी चढतानाच ती बिचकतात. त्यात वरिष्ठांना मराठी म्हटले की सीमाभाग कर्नाटकात गेल्याच्या निषेधाचा १ नोव्हेंबरचा काळा दिन आणि बंदोबस्तच आठवत असेल, तर मोटर चोरीला गेलेला शेतकरीही त्यांना आंदोलकच दिसणार. खालचा शिपाई साहेबांचा कल पाहून वागतो. म्हणून मराठी अर्ज घ्यावेत आणि जबाब समजेल अशा भाषेत वाचून दाखवावा, असा लेखी आदेश अधीक्षकांनीच काढला पाहिजे.

खानापूरकर:
काल मी काकांबरोबर गेलो. कलमाचा उल्लेख केल्यावर अर्ज घेतला. पोचेवर शिक्का आणि तारीख आहे. पुरवणी जबाबासाठी सोमवारी बोलावले आहे. वाचून दाखवल्याशिवाय या वेळी काका सही करणार नाहीत.