अत्यवस्थ मूल ग्रामीण रुग्णालयात आले, तर आधी उपचार की आधी रेफर?

वैद्यकीय अधिकारी, ग्रामीण रुग्णालय: आमच्याकडे बालरोगतज्ज्ञ नाही, व्हेंटिलेटर नाही आणि जिल्ह्याचे ठिकाण दीड तासावर आहे. गेल्या महिन्यात तीन वर्षांचे एक मूल झटके सुरू असतानाच दुसऱ्या एका रुग्णालयाची चिठ्ठी घेऊन आमच्या दारात आले. तिथे त्याची साखर तपासली नव्हती, नाकात मिडाझोलाम हे झटके थांबवणारे औषध सोडले नव्हते. फक्त ‘पुढे न्या’ असे लिहिले होते. साखर फारच कमी निघाली आणि शिरेतून ग्लुकोज गेल्यावर मूल शुद्धीवर आले. पाठवण्यापूर्वीची ही दहा मिनिटे प्रत्येक रुग्णालयाला सक्तीची करावीत, असे माझे ठाम मत आहे.

बालरोगतज्ज्ञ, जिल्ह्याचे ठिकाण: मी असहमत आहे. सक्ती झाली की दहा मिनिटांचे दोन तास होतात आणि दमलेले मूल अखेरचे श्वास घेत आमच्यापर्यंत पोहोचते. शिवाय अर्धवट उपचार घातक ठरू शकतो. युगांडा, केनिया आणि टांझानियातील ३,१४१ मुलांवरील अभ्यासात (२०११) ताप आणि मंदावलेले रक्ताभिसरण असलेल्या मुलांना सलाइन भराभर दिल्यावर ४८ तासांत सुमारे साडेदहा टक्के दगावली. तसे न दिलेल्यांत हे प्रमाण ७.३ टक्के होते. आपल्याकडे तर ‘आधी सलाइन लावा’ ही सवयच आहे.

वैद्यकीय अधिकारी: हा अभ्यास मला मान्य आहे, परंतु त्यात जुलाबाची मुले मुळात घेतलीच नव्हती. जुलाबाने डोळे खोल गेलेल्या, निपचित पडलेल्या मुलाला (ते तीव्र कुपोषित नसेल, तर) सलाइन न लावता दीड तास गाडीत ठेवणे मला अक्षम्य वाटते.

परिचारिका, बीड जिल्हा: ऊसतोड कुटुंबांतील मुलांना विंचू चावतो, म्हणून लिहिते आहे. जालना जिल्ह्यातील देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणात, महाडच्या परिसरात काम करताना लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिनची साधी गोळी किती उपयोगी पडते, हे दाखवून दिले. हातपाय गार पडून घाम सुटलेल्या मुलाला वजनाप्रमाणे, किलोमागे ३० मायक्रोग्रॅम या हिशेबाने ती गोळी पहिल्याच ठिकाणी मिळायला हवी, कारण पुढच्या प्रवासातच फुप्फुसांत पाणी भरू शकते.

बालरोगतज्ज्ञ: गोळीबद्दल दुमत नाही, ग्लुकोजबद्दलही नाही. माझी भीती मिडाझोलामची आहे. किलोमागे ०.२ मिलिग्रॅम ही मात्रा योग्य असली, तरी त्यानंतर श्वास मंदावला आणि रात्रपाळीत एकच डॉक्टर प्रसूतीत अडकलेला असला, तर अँबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) कोण दाबणार?

परिचारिका: मी दाबते, डॉक्टरसाहेब, आणि आजवर दाबत आले आहे. आमच्याकडे लहान मुलांचा मास्क मात्र एकाच मापाचा आहे. तान्ह्या बाळाच्या तोंडावर तो नीट बसत नाही आणि हवा बाजूने निघून जाते. सक्ती करायची असेल, तर आधी लहान मापाचे मास्क द्यावेत.